सावधान, कँडिड चालू आहे

मंगलाष्टकं संपतात, शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो, वाजंत्री सुरू होते आणि नेमका तेव्हाच गर्दीतून आवाज येतो, “गुरुजी, एक मिनिट. परत एकदा धरता का?” गेल्या काही वर्षांत चार-पाच मराठी लग्नांना गेला असाल तर हा आवाज तुमच्या ओळखीचा असेल. गुरुजी नाइलाजानं अंतरपाट पुन्हा धरतात. नवरा-नवरी एकमेकांना पुन्हा ‘पहिल्यांदा’ बघतात. या वेळी नवरीचं हसू आधीपेक्षा नीट बसतं. दीड-दोन महिन्यांनी अल्बम येतो, त्यात हा फोटो पानभर असतो, आणि पॅकेजच्या कागदावर तो ज्या रकान्यात मोजलेला असतो त्याचं नाव असतं ‘कँडिड’.

त्या कागदावर सहसा चार-पाच ओळी असतात: ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कँडिड फोटो, सिनेमॅटिक व्हिडिओ, हवा असेल तर ड्रोन. यातला कँडिड सगळ्यांनाच हवा असतो. ‘आम्हाला पोझबिझ नको, नॅचरल हवं’ हे वाक्य म्हणणारं प्रत्येक जोडपं मनापासून म्हणतं. पण ‘कँडिड’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे नकळत टिपलेला फोटो. दुसरी म्हणजे नकळत टिपल्यासारखा दिसणारा फोटो. दुसरीत वाईट काही नाही, फक्त ती पहिली नाही. पैसे मोजताना आपण नक्की कुठली घेतोय हे बहुतेकांना अल्बम हातात पडेपर्यंत कळत नाही, आणि कित्येकांना तेव्हाही नाही.

शब्दाचा इतिहासच गमतीचा आहे. ‘कँडिड’च्या मुळाशी लॅटिन ‘कँडिडस’, म्हणजे पांढराशुभ्र. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक खडूनं आणखी पांढरा केलेला टोगा घालून मतं मागत फिरायचे. ‘कँडिडेट’ हा शब्द तिथूनच आला. म्हणजे निर्मळ दिसण्यासाठी थोडी रंगरंगोटी ही परंपरा इन्स्टाग्रामपेक्षा बरीच जुनी आहे.

फोटोग्राफीत हा शब्द आला तो मात्र अगदी उलट्या वाटेनं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत एरिख सालोमन नावाचा, कायदा शिकलेला एक गृहस्थ एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा घेऊन फिरायचा. त्याची लेन्स उजेड इतका खेचायची, की फ्लॅशच्या पावडरीचा भडका न उडवता बंद खोलीतही फोटो निघायचा. १९२८मध्ये त्यानं कॅमेरा हॅटमध्ये लपवून बर्लिनच्या कोर्टात चाललेल्या खटल्याचे फोटो काढले. पुढे तो मुत्सद्द्यांच्या बैठकांमध्ये शिरला आणि रात्री उशिरा पेंगणारे, डोकं धरून बसलेले मंत्री टिपू लागला. ‘कँडिड कॅमेरा’ हा शब्दप्रयोग लंडनच्या ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकानं त्याच्या कामासाठी वापरला.

सालोमनच्या फोटोतल्या माणसांनी त्याला बोलावलं नव्हतं, पैसे दिले नव्हते आणि फोटो कसा आला हे विचारायचा हक्कही त्यांना नव्हता. लग्नाच्या कँडिडमध्ये या तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. आपण स्वतःच फोटोग्राफरला आगाऊ रक्कम देऊन सांगतो, की आम्हाला बेसावध पकड, पण छान दिसू तेव्हाच पकड. हा अंतर्विरोध कुठल्याही महागड्या लेन्सनं सुटत नाही.

तो कधी सुटतच नाही असंही नाही. २१ सप्टेंबर १९९६ला अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या कंबरलँड बेटावर जॉन एफ. केनेडी ज्युनियर आणि कॅरोलिन बेसेट यांचं लग्न झालं. एका खोलीचं लाकडी चर्च, मोजकी माणसं, मेणबत्त्यांचा उजेड. पत्रकारांना पत्ताच लागू दिला नव्हता. बाहेर पडताना त्यानं तिचा हात उचलून ओठांना लावला आणि डेनिस रेजी यांनी तो फोटो काढला. लग्नाच्या फोटोग्राफीत बातमीदाराची नजर आणणाऱ्यांमध्ये रेजींचं नाव आधी घेतलं जातं आणि त्यांचा हा फोटो जगभर छापला गेला. संधिप्रकाशात काढलेला असल्यामुळे तो काही चकचकीत नाही. त्यात तिच्या चेहऱ्यावर जे आहे ते पुन्हा करून दाखवा म्हटलं तर जमणार नाही.

हा फोटो कँडिडवाले आदर्श म्हणून दाखवतात, पण तो ज्या परिस्थितीत निघाला तिच्याबद्दल बोलत नाहीत. रेजी भाड्यानं आणलेला परका माणूस नव्हता. त्याची बहीण टेड केनेडींची बायको, म्हणजे तो जवळजवळ घरातलाच. पाहुणे एका छोट्या चर्चमध्ये मावतील इतके. दुसरा कॅमेरा, क्रेन, स्क्रीन काही नाही. नवरा-नवरीला त्या क्षणी कुणालाही काही दाखवायचं नव्हतं. लहानपणापासून कॅमेऱ्यांनी वेढलेल्या माणसाला तर अजिबातच नाही. कँडिड फोटोसाठी लागते ती ही सामग्री, आणि ती किटमध्ये मिळत नाही.

आपल्याकडे ही लाट पसरली ती दुसऱ्या एका लग्नामुळे. म्हणजे कँडिड त्याआधीही होतं, पण ११ डिसेंबर २०१७ला टस्कनीत झालेल्या विराट कोहली आणि अनुष्का शर्माच्या लग्नाचे जोसेफ राधिक यांनी काढलेले फोटो फोनवर आले आणि भारतातल्या हजारो जोडप्यांना आपल्याला काय हवंय ते एका रात्रीत कळलं. फिका गुलाबी लेहेंगा, वरमालेच्या वेळचं मोकळं हसू, मागे फुलंच फुलं. फोटो म्हणून ते उत्तम आहेत. उजेडाची जाण, माणसांची मांडणी, रंगांवरचा संयम, सगळं आहे. तक्रार फोटोंबद्दल नाही, त्यांच्या नकलांबद्दल आहे. टस्कनीच्या डिसेंबरमधलं ऊन हे टस्कनीचं आहे. ते मे महिन्यात दुपारी साडेबारा वाजता, पत्र्याच्या छताखालच्या मंगल कार्यालयात कसं येणार?

ऊन येत नाही म्हणून मग पोझ येते. गेल्या सात-आठ वर्षांत कँडिडचा एक ठराविक पाढा तयार झालाय. नवरी खिडकीपाशी बांगड्यांकडे बघतेय. नवरा कफलिंक लावतोय आणि बाहेर कुठेतरी लांब बघतोय. मैत्रिणी एकदम हसतायत, कारण फोटोग्राफरनं ‘एकदम हसा’ म्हटलंय. हळदीत कुणीतरी पाकळ्या उधळतंय, तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा त्या चेहऱ्यावर आल्या. नवरी आरशात बघतेय आणि आरशातून आपल्याकडे. तुमच्या फोनमध्ये आत्ता कुठलीही तीन लग्नं उघडा, हे फोटो सापडतील, आणि नावं झाकली तर कुणाचं लग्न ते सांगता येणार नाही. जुन्या स्टुडिओत मागे ताजमहालाचा पडदा असायचा आणि नवरा-नवरी ताठ उभे असायचे. त्या फोटोची थट्टा करायला आपल्याला आवडतं. पण तो फोटो निदान ‘मी पोझ आहे’ हे उघड सांगायचा.

आता हॉलबद्दल बोलायला हवं, कारण कँडिडचं खरं भवितव्य तिथे ठरतं आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. आपल्या कार्यालयांत वर ट्यूबलाइट असतात, स्टेजवर जांभळे-निळे एलईडी, मागे एलईडी वॉल, आणि समोर व्हिडिओवाल्याच्या मदतनिसानं हातात धरलेला पांढराफेक पॅनेल. चार प्रकारचे उजेड एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल जांभळा आणि एक हिरवट येतो. एडिटिंगमध्ये तो निस्तरता येतो, काही प्रमाणात. कँडिडवाल्याला मंद, एका बाजूनं येणारा उजेड हवा असतो. ट्रॅडिशनलवाल्याला सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसायला फ्लॅश मारायचा असतो. व्हिडिओवाल्याला अखंड दिवा हवा. तिघं वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेले असतील तर स्टेजवर एकमेकांना कोपरानं सारत असतात. मुहूर्ताच्या वेळी हे तिघं, त्यांचे मदतनीस आणि मोबाइल घेतलेले पाच चुलतभाऊ नवरा-नवरीभोवती असा कोट उभा करतात, की पाहुण्यांना फक्त पाठी दिसतात. लोक बिचारे भक्तिभावानं अक्षता टाकतात आणि त्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या पाठीवर पडतात.

म्हणून फोटोग्राफर निवडताना त्याच्या पेजवरचे निवडक तीस फोटो बघण्यात अर्थ नाही. तीस लग्नांतून एकेक चांगला फोटो कुणाचाही निघतो. एकाच लग्नाचे सगळे फोटो मागावेत, तेही तुमच्यासारख्याच हॉलमधल्या, संध्याकाळच्या लग्नाचे. रिसेप्शनच्या रांगेत हा माणूस काय करतो, पंगतीत जातो का, म्हाताऱ्या माणसांचे फोटो कुठून काढतो, हे त्यात कळतं.

समजा, फोटोग्राफर चांगला मिळाला. आजचा कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फ्रेम सहज घेतो. अंतरपाट दूर झाल्यापासून गळ्यात हार पडेपर्यंत काही सेकंद जातात, म्हणजे या एका प्रसंगाचे शंभराच्या आसपास फोटो त्याच्याकडे असतात. त्यातल्या बऱ्याच फोटोंत नवरी गोंधळलेली असते, हार शोधत असते, मुंडावळीचा मोती डोळ्यापाशी लोंबत असतो, नवरा मामाकडे ‘आता काय?’ अशा नजरेनं बघत असतो. एखाद्या फोटोत दोघांची नजर भेटते आणि दोघं चक्क घाबरलेले दिसतात. मला विचाराल तर तो फोटो. पण तो अल्बममध्ये येत नाही. आधी फोटोग्राफर तो गाळतो, कारण नवरीला आवडणार नाही हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. त्यातून चुकून राहिलाच, तर नवरी गाळते, कारण हनुवटी दुहेरी दिसतेय. मग उरलेल्या फोटोतल्या चेहऱ्यावरून मऊपणाचा हात फिरतो आणि आईच्या कपाळावरची आठीसुद्धा जाते.

कँडिडचा जीव या निवडीत जातो. बटण दाबताना फोटो खराच असतो. हेन्री कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२च्या पुस्तकाचं इंग्रजी नाव, ‘द डिसायसिव्ह मोमेंट’, आजही कित्येक वेडिंग फोटोग्राफर वापरतात. निर्णायक क्षण, वगैरे. लग्नात निर्णायक क्षण हा फोटो काढण्याचा नसतो, गाळण्याचा असतो, आणि तो निर्णय निम्मा तरी आपला असतो. नैसर्गिक फोटो हवेत असं म्हणणाऱ्या जोडप्यानं आपण स्वतःला सहन करू शकतो का, हे आधी तपासून घ्यावं. घामेजलेलं कपाळ, जेवताना भरलेला गाल, सप्तपदीच्या वेळी आलेली जांभई. होमाच्या धुरानं डोळ्यांत आलेलं पाणीही भावनेचं म्हणून खपतं, ते सोडा.

आणि तरीही, सगळं जमून आलं तरी, फोटो किती सांगतो? मीरा नायर यांचा ‘मॉन्सून वेडिंग’ हा २००१चा सिनेमा याबाबत बघण्यासारखा आहे. डेक्लन क्विन यांचा कॅमेरा बहुतेक वेळ हातात धरलेला, माणसांच्या मध्येच घुसलेला. आज ज्याला आपण कँडिड म्हणतो तशाच चालीचा. दिल्लीतल्या पंजाबी घरातलं लग्न, नाच, पाऊस, झेंडू. या घरात एक लाडका, पैसेवाला नातेवाईक आहे. त्यानं घरातल्या एका मुलीचं लहानपणी लैंगिक शोषण केलंय आणि आता तो दुसऱ्या छोट्या मुलीशी लाडीगोडी करतोय. या लग्नाला आजचा एखादा कँडिड फोटोग्राफर असता तर त्यानं काय टिपलं असतं? हसरे काका आणि त्यांच्याकडे बघणारी गोड पोरगी. पोझ नाही, बनावट नाही, उजेड सुंदर. फोटो खरा असता आणि त्यातून कळलं असतं ते सपशेल खोटं. नकळत टिपलेलं म्हणजे आतलं टिपलेलं, हा कँडिडच्या जाहिरातीतला सगळ्यात मोठा दावा आहे आणि तो टिकत नाही. मागे उभी असलेली, न हसणारी ताई फ्रेममध्ये घ्यायची की नाही, हे ठरवायला तिच्याकडे आधी लक्ष जावं लागतं.

लक्ष कुणाकडे जातं, हा माझा कँडिडशी असलेला खरा वाद आहे. काही मराठी घरांत अशी रीत आहे, की मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई समोर थांबत नाही. ती आत जाते, तुळशीला पाणी घालत राहते. बाहेर माइकवरून तिच्या मुलीचं नाव ऐकू येतं, टाळ्या ऐकू येतात, वाजंत्री ऐकू येते, त्यावरून तिला कळतं की झालं. माझ्या मते ही रीत कधीच मोडीत निघायला हवी होती आणि बऱ्याच घरांत ती निघालीही आहे. पण जिथे ती आहे तिथे त्या पाच-दहा मिनिटांत त्या बाईच्या चेहऱ्यावर जे असतं ते कुणी बघितलंय? कॅमेरे सगळे स्टेजवर. सालोमन असता तर तो तुळशीपाशी गेला असता.

रीत नसली तरी आईची गत साधारण तीच. बापाचे अश्रू हा आता कँडिडचा हक्काचा विषय आहे. पाठवणीला फोटोग्राफर बापाच्या चेहऱ्यावर लेन्स रोखून वाटच बघत असतो. एरवी न रडणारा माणूस रडला की फोटो होतो. आई त्या वेळी ओटीचं ताट शोधत असते, देण्याच्या पिशव्या मोजत असते, विहीणबाईंच्या गाडीत डबा ठेवला का ते विचारत असते. तिचं रडणं चार दिवसांत जाता-येता होऊन गेलेलं असतं, साडीच्या पदरात, कुणी बघत नसताना. अल्बममध्ये ती दिसते पाठमोरी किंवा धूसर, बापाच्या खांद्यामागे. मागचं सगळं धूसर करणारी ८५ मिलिमीटरची लेन्स कँडिडवाल्यांची लाडकी आहे आणि तिच्यामुळे चेहरा खरंच सुंदर येतो. पण लग्नात मागे जे असतं ते म्हणजे कामं करणारी माणसं. आपण त्यांना धूसर करायचे पैसे देतो.

बंगळुरूचे महेश शांताराम स्वतः लग्नांचे फोटो काढता काढता ‘मॅट्रिमेनिया’ ही मालिका करत गेले. त्यात भारतीय लग्नांचा बडेजाव आहे आणि त्या बडेजावातला एकटेपणाही. ते फोटो कुणी आपल्या दिवाणखान्यात लावणार नाही, पण आपली लग्नं कशी दिसतात हे त्यांतून जितकं कळतं तितकं शंभर अल्बम चाळून कळत नाही. तुमच्या लग्नाचे फोटो तसे काढावेत असं मी म्हणत नाही. त्यातले एक-दोन टक्के आले तरी पुष्कळ.

इथे ट्रॅडिशनलच्या बाजूनंही थोडं बोललं पाहिजे. नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेट घरोघरी असतील, आता पेन ड्राइव्हवर उतरवलेल्या. बदामाच्या आकारात फिरणारी नवरा-नवरी, मिक्सिंगमध्ये घातलेली सिनेमाची गाणी, हसून हसून पुरेवाट. पण तो व्हिडिओवाला हॅलोजन घेऊन अख्ख्या पंगतीतून फिरायचा. माणसं घास हातात तसाच धरून कॅमेऱ्याकडे बघत राहायची, कुणी पदर नीट करायचं, कुणी लाजून मान वळवायचं, एखादा काका उगाच ‘जिलबी वाढा’ म्हणायचा. पंचवीस वर्षांनी ती कॅसेट लावली की घरातले लोक नवरीकडे बघतच नाहीत. ‘अगं, ही बघ आत्या, किती बारीक होती’, ‘हे आबा ना?’ हेच चालतं. त्यातली निम्मी माणसं आता नसतात. आजच्या कँडिड अल्बममध्ये आत्या आणि आबा शोधून बघा. सापडलेच तर हळदीच्या हातांचा क्लोजअप म्हणून सापडतील, आणि त्यातले हात कुणाचे यावर वाद होईल.

तेव्हा स्टेजवरचा तो कंटाळवाणा ग्रुप फोटो, ‘मागचे थोडे पुढे या, मधल्या काकू इकडे बघा’वाला, काढून घ्या. अर्धा तास जाईल. सगळे ताठ उभे राहतील, दोघांचे डोळे मिटलेले येतील. नाइलाजानं उभे आहोत हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसेल, आणि तेही एका अर्थी कँडिडच म्हणायचं.

एक गोष्ट अजून, आणि ही करार करतानाच बघायची. पाठवणीला रडणाऱ्या मुलीचा रील दुसऱ्याच दिवशी फोटोग्राफरच्या पेजवर येतो, वर एखादं चालू गाणं, खाली चार हॅशटॅग. मुलगी सासरी पहिल्या दिवशी फोन उघडते तेव्हा तिचं रडणं हजारोंनी बघितलेलं असतं. तिनं यासाठी पैसे दिले होते, हे वर. भारतातला १९५७चा कॉपीराइट कायदा या बाबतीत बहुतेक जोडप्यांना वाटतं त्यापेक्षा त्यांच्या बाजूचा आहे. मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार झालेला नसेल तर, ते काढून घेणारी व्यक्ती असते, असं त्याच्या १७व्या कलमात आहे. मेख ‘वेगळा करार’ या शब्दांत आहे. छापील करारपत्रात बारीक अक्षरांत सहसा एक ओळ असते, की फोटो जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क फोटोग्राफरकडे राहील. आपण तारीख आणि रक्कम बघून सही करतो.

ती ओळ खोडता येते. पूर्ण खोडायची नसेल तर तिच्यापुढे लिहिता येतं, की हळदीचे आणि पाठवणीचे फोटो विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, आणि ज्यांचा चेहरा आहे त्यांना विचारायचं, फक्त नवऱ्याला नाही. त्याच कागदावर आणखी एक ओळ मावते: मंगलाष्टकांच्या वेळी एक कॅमेरा आईजवळ. यावर फोटोग्राफर ‘मग स्टेजवरचा अँगल जाईल’ म्हणेल. जाऊ द्या. तिथे आधीच आठ जण आहेत.